बचावाची खुर्ची

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाविषयी बोलताना आपण लीला बेणारेचे अखेरचे स्वगत आठवतो, ‘शांतता’ हा काशीकरांचा पुकारा आठवतो, शेवटी सामंताने तिच्याजवळ ठेवलेला कापडी पोपट आठवतो. एक छोटी हालचाल मात्र सहसा कोणाच्या बोलण्यात येत नाही. वकील सुखात्मे या अभिरूप खटल्यात फिर्यादी पक्षाचेही वकील आहेत आणि बचाव पक्षाचेही. माणसे कमी म्हणून केलेली ही सोय. फिर्यादी म्हणून आरोपीच्या चारित्र्याच्या चिंध्या करून झाल्यावर ते उठतात, पलीकडच्या जागेवर जाऊन बसतात, चेहरा पाडतात आणि आरोपीच्या वतीने चार वाक्ये बोलतात. गुन्हा भयंकर आहे हे मान्य, पण दया दाखवावी, असा त्यांचा एकूण आशय. बचाव संपला. बहुतेक प्रयोगांत या जागेला प्रेक्षक हसतात. मीही हसलेलो आहे.

त्या हसण्याचा विचार पुढे बराच काळ करत राहिलो, त्यातून हा लेख झाला. फौजदारी खटल्याचे ढोबळमानाने तीन टप्पे असतात: आरोप, बचाव आणि दोषसिद्धीनंतरचे परिणाम. आपल्या नाटकांनी, आत्मकथनांनी, अलीकडे चित्रपटांनी यांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यावर भरपूर आणि चांगले काम केले आहे. मधली खुर्ची मात्र रिकामी तरी असते किंवा तिच्यावर बसणारा विनोदी, नाही तर लबाड असतो. असे का व्हावे?

आधी ‘शांतता!’मधला आरोप कायद्याच्या नजरेने वाचू. ‘रंगायन’ने १९६७च्या डिसेंबरात हे नाटक आणले, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे, बेणारे सुलभा देशपांडे. मुंबईची एक हौशी मंडळी गावोगाव अभिरूप न्यायालयाचे प्रयोग करते. रात्रीच्या प्रयोगात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांबद्दल खटला चालायचा आहे. दुपारचा वेळ घालवायला, गावातल्या सामंताला कोर्टाची रीत कळावी म्हणून, एक लुटुपुटीचा खटला उभा राहतो. आरोपी बेणारे; आरोप भ्रूणहत्येचा; कलम भारतीय दंडविधानाचे ३०२.

आता ३०२ हे खुनाच्या शिक्षेचे कलम. भ्रूणहत्येला ते लागतच नाही. कलम २९९च्या तिसऱ्या स्पष्टीकरणातच म्हटले होते की मातेच्या उदरातल्या बालकाचा मृत्यू घडवणे हा मनुष्यवध नव्हे. बालकाचा काही भाग बाहेर आलेला असेल तर मात्र तो मनुष्यवध ठरू शकतो. गर्भपातासाठी ३१२ ते ३१६ ही वेगळी कलमे होती, आणि ३१२नुसार स्वतःचा गर्भपात घडवणारी स्त्रीही गुन्हेगार ठरत असे. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आला १९७१मध्ये, म्हणजे नाटकानंतर. सुखात्म्यांना ही कलमे ठाऊक नाहीत का? बाररूममध्ये माश्या मारत बसणारा हा वकील. ठाऊक नसतील असेही म्हणता येईल. तेंडुलकरांना ठाऊक होती का, या प्रश्नात मला फारसा रस नाही. चुकीचे कलम नाटकात जे काम करते ते योग्य कलमाने झाले नसते. ३०२ हा आकडा प्रेक्षकाला पाठ आहे. ३१२ म्हटले असते तर कोणी दचकले नसते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बेणारेच्या पोटातला गर्भ जिवंत आहे. म्हणजे आरोप न घडलेल्या गुन्ह्याचा आहे. दोषारोपात काय असावे हे फौजदारी प्रक्रिया संहितेने नेमके सांगितलेले असते: गुन्ह्याचे नाव, कलम, वेळ, स्थळ, ज्याच्याविरुद्ध गुन्हा घडला ती व्यक्ती वा वस्तू. हा तपशील न्यायाधीशाच्या सोयीसाठी मागितलेला नाही. आपल्याला नेमक्या कशाला उत्तर द्यायचे आहे हे आरोपीला कळावे म्हणून तो मागितला आहे. आरोप ही बचावाची पहिली पायरी, असे म्हटले तर ऐकायला विचित्र वाटेल. पण कायद्याची रचना तशीच आहे. धूसर आरोपाला उत्तर देता येत नाही. काशीकरांच्या कोर्टात वेळ नाही, स्थळ नाही, मृत बालक नाही. आहे ते एवढेच की या प्रश्नाला सामाजिक महत्त्व आहे, असे काशीकरांना वाटते.

मग साक्षी सुरू होतात. एकही साक्ष आरोपाबद्दल नाही. पोंक्षे सांगतो की तिने आपल्याला लग्नाचे विचारले, तिच्या पर्समधून टिक-२०ची बाटली पडली. कर्णिक तिच्या कोवळ्या वयातले प्रेमप्रकरण उकरतो. सामंत तर खिशातल्या कादंबरीतले संवाद साक्ष म्हणून म्हणतो आणि ती साक्ष नोंदली जाते. काशीकर स्वतः न्यायासनावरून उतरून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येतात आणि पुन्हा वर जाऊन बसतात. आरोपीचे पूर्वीचे वाईट वर्तन हा फौजदारी खटल्यात संबद्ध पुरावा नाही, असे १८७२च्या भारतीय पुरावा कायद्याचे ५४वे कलम सांगत होते. ऐकीव गोष्ट पुरावा होत नाही, हे ६०वे. हा खटला पहिल्यापासून शेवटपर्यंत या दोन कलमांच्या उल्लंघनावर उभा आहे. टिक-२०च्या बाटलीतून कोणता गुन्हा सूचित होत असेल तर तो आत्महत्येच्या प्रयत्नाचा, म्हणजे ३०९. पण तो या कोर्टासमोर नाही. प्राध्यापक दामले हे नाव सतत येते. त्यांचा पुकारा होतो. ते गैरहजर. त्यांच्यावर कोणताही आरोप नाही, कोणत्याच कलमाखाली नाही.

खरा आरोप कोणता, हे शिक्षेवरून कळते. तू जगशील, पण पोटातले मूल नष्ट केले जाईल, असा काशीकरांचा निकाल. भ्रूणहत्येच्या आरोपाचा खटला भ्रूणहत्येच्या हुकमाने संपतो. स्त्रीच्या संमतीशिवाय गर्भपात घडवणे हा ३१३खाली जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा होता. तो करण्याचा आदेश न्यायासनावरून निघतो. आणि ज्याला आपण दोषसिद्धीचा परिणाम म्हणतो तो तर त्याच्याही आधीच घडून गेला आहे. शाळेतून बेणारेला काढणार, हे नानासाहेबांच्या तोंडून काशीकरांनी आधीच ऐकलेले आहे. लुटुपुटीचे कोर्ट फक्त त्याची कारणमीमांसा मागाहून तयार करते.

काशीकर आरोपीला म्हणणे मांडायला दहा सेकंद देतात. तेव्हाच्या संहितेच्या ३४२व्या कलमाने आरोपीला पुराव्यातून निघालेल्या गोष्टींवर प्रश्न विचारून स्पष्टीकरणाची संधी देणे सक्तीचे होते. पुढे तेच कलम ३१३ झाले. बेणारे बोलते ते या संधीत. पण बाकीची पात्रे तेव्हा थिजलेली आहेत. प्रेक्षक ऐकतो, कोर्ट ऐकत नाही. या स्वगतावर नाट्यमयतेचा, भावविवशतेचा आक्षेप अनेकदा घेतला गेला. मला ती जागा नाटकातली सर्वांत कठोर वास्तववादी जागा वाटते. खऱ्या कोर्टात ज्यांनी ही जबानी होताना पाहिली आहे त्यांना हे पटावे: छापील प्रश्न, ‘खोटे आहे’, ‘माहीत नाही’ अशी तुटक उत्तरे, लघुलेखकाची घाई. आरोपीच्या मनात जे स्वगत चालू असते ते कागदावर येत नाही.

या नाटकाबद्दल माझी एक तक्रार आहे. सुखात्मे हा अयशस्वी, हास्यास्पद वकील केल्यामुळे खरे न्यायालय आपोआप निर्दोष सुटते. प्रेक्षक मनाशी म्हणतो, हे तर खोटे कोर्ट; खऱ्या कोर्टात असे होणार नाही. तेंडुलकरांचा रोख समाजाच्या पंचायतीवर होता, न्यायसंस्थेवर नव्हे, हे मान्य करूनही, बचावाच्या खुर्चीला मिळालेला तो हशा फार स्वस्तात मिळाला आहे.

या हशाला आपल्या रंगभूमीवर पूर्वपीठिकाही आहे. ‘शांतता!’च्या पाच वर्षे आधी, १९६२मध्ये, आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ आले. फिरता रंगमंच, प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे, आणि हजारो प्रयोग. मराठी माणसाने सर्वाधिक वेळा पाहिलेले कोर्ट कोणते असेल तर ते हे. या नाटकात बचावाची खुर्ची रिकामी नाही. तिच्यावर लखोबा स्वतः बसलेला आहे, स्वतःचा खटला स्वतः चालवतो, साक्षीदारांची उलटतपासणी घेतो, आणि निपाणीचा तंबाखूचा व्यापारी ‘तो मी नव्हेच’ असे निरागस चेहऱ्याने सांगत राहतो. नाटकाची सगळी गंमत याच्यावर की प्रेक्षकाला पहिल्या प्रवेशापासून ठाऊक आहे, हा तोच आहे.

‘तो मी नव्हेच’ हा पुढे वाक्प्रचार झाला. राजकारणी नेत्याने हात झटकले की अग्रलेखाला हे शीर्षक तयार. नाटककाराला याहून मोठे यश नसते. पण याची एक किंमत आपण मोजली आहे. आरोप अमान्य करणे म्हणजेच निर्लज्जपणा, असे समीकरण भाषेतच बसून गेले. कायद्यात ‘गुन्हा कबूल नाही’ या उत्तराचा अर्थ ‘मी सज्जन आहे’ असा होत नाही. ‘सिद्ध करून दाखवा’ एवढाच तो असतो, आणि सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. लखोबाच्या बाबतीत आपण तो भार कधी सरकारवर टाकलाच नाही, कारण आपल्याला आधीच माहीत होते. नाटकात हे माहीत असणे हक्काचे आहे. वर्तमानपत्र वाचताना ते हक्काचे नसते, पण सवय तीच राहते.

एक गमतीचा योगायोग येथे सांगायलाच हवा. १९६५मध्ये सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्रातले द्विभार्या प्रतिबंधाचे एक अपील निघाले. अपीलकर्त्याचे आडनाव लोखंडेच होते. दुसरा विवाह आवश्यक धार्मिक विधींनी झाल्याचे सिद्ध झालेले नाही, म्हणून तो कायद्याच्या दृष्टीने विवाहच नव्हे, आणि म्हणून ४९४खालचा गुन्हा घडलाच नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि दोषसिद्धी रद्द केली. या निकालाने फसवल्या गेलेल्या अनेक स्त्रियांची वाट अवघड केली, त्यावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती रास्त आहे. पण बचाव म्हणजे काय, हे येथे लखोबाच्या युक्त्यांपेक्षा स्पष्ट दिसते. गुन्ह्याच्या व्याख्येत जेवढे घटक आहेत तेवढे सगळे सिद्ध व्हावे लागतात. एक निसटला तरी आरोप कोसळतो. हे रंगमंचावर दाखवायला कंटाळवाणे आहे. म्हणूनच ते दाखवले जात नाही.

कंटाळवाण्या बचावाचे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र आपल्या सर्वांना शाळेपासून ठाऊक आहे. निदान ठाऊक आहे असे आपण समजतो. जुलै १९०८मध्ये लोकमान्य टिळकांवर ‘केसरी’तल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांबद्दल कलम १२४अ आणि १५३अ खाली मुंबई उच्च न्यायालयात खटला चालला. न्यायाधीश दिनशा दावर; हेच दावर १८९७च्या राजद्रोहाच्या खटल्यात बॅरिस्टर म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते. नऊ जणांची ज्यूरी, तीत सात युरोपियन आणि दोन पारशी. सात विरुद्ध दोन असा कौल, सहा वर्षे काळेपाणी आणि हजार रुपये दंड. निकालानंतर टिळकांनी उच्चारलेली वाक्ये उच्च न्यायालयाच्या इमारतीत आज संगमरवरावर कोरलेली आहेत.

पण ती वाक्ये बचाव नव्हेत. बचाव त्याआधी संपला होता, आणि तो २१ तास १० मिनिटे चालला होता. टिळक स्वतःच उभे राहिले होते. त्या भाषणातला फार मोठा भाग तेजस्वी वगैरे अजिबात नाही. तो भाषांतराबद्दल आहे. लेख मराठी, ज्यूरीतल्या बहुतेकांना मराठी येत नाही, त्यांच्या हातात सरकारी अनुवाद. टिळकांनी सरकारी अनुवादकाची शब्दाशब्दावर उलटतपासणी घेतली. मराठी शब्दाची छटा अनुवादात कशी कडक झाली, एखाद्या शब्दाला इंग्रजीत दुसरा सौम्य पर्याय कसा होता, हे ते तासन्‌तास दाखवत राहिले. त्यांचा मुद्दा असा होता की माझ्यावर आरोप आहे तो माझ्या लेखाबद्दल नव्हे, अनुवादकाच्या लेखाबद्दल. समीक्षेच्या अभ्यासकाने हे भाषण वाचावे, असे मला कळकळीने वाटते. शब्दार्थ, संदर्भ, लेखाचा सूर, अँग्लो-इंडियन पत्रांशी चाललेल्या वादाची पार्श्वभूमी: एका मराठी मजकुराचे इतके तपशीलवार वाचन आणि तेही तुरुंग समोर दिसत असताना, दुसरीकडे कुठे मिळेल?

आपण ते बाजूला ठेवून अखेरची चार वाक्ये कोरली. त्याहून बोलकी गोष्ट अशी. १९१६मध्ये बेळगाव आणि अहमदनगर येथील व्याख्यानांबद्दल टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला गेला: वीस हजारांचा स्वतःचा जातमुचलका आणि दहा दहा हजारांचे दोन जामीनदार. या वेळी वकीलपत्र जिनांनी घेतले. उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांच्यापुढे मुद्दा होता तो व्याख्याने सुटी वाक्ये उचलून वाचायची की समग्र वाचायची, हा. समग्र वाचायची, असे ठरले; हुकूम रद्द झाला. टिळक जिंकले. तोच वाचनाचा मुद्दा, ज्याच्यावर १९०८मध्ये हार झाली होती, आठ वर्षांनी यशस्वी झाला. पण हरलेला खटला आपल्या पाठ्यपुस्तकात आहे, जिंकलेला नाही. हौतात्म्याची आपल्याला ओढ आहे. सुटून आलेल्या माणसाचे काय करावे ते आपल्याला कळत नाही.

आतापर्यंत आरोप होता, मग तो चुकीचा असो की चुकीच्या अनुवादावर बेतलेला. आरोपच नसेल तर? १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आणि १९११, १९२४मधल्या त्याच्या सुधारित आवृत्त्या यांनी हे साधले होते. जमात ‘गुन्हेगार’ म्हणून अधिसूचित झाली की तिच्यातल्या प्रत्येकाची नोंद, बोटांचे ठसे, हजेरी, गाव सोडायला परवाना, आणि काहींची रवानगी तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये. सोलापूरची सेटलमेंट हे आपल्याकडचे ठळक उदाहरण. कोणत्या दिवशी, कोठे, काय केले, हे विचारायची गरज नाही. जमात अधिसूचित करण्याच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची वाटही कायद्यानेच बुजवली होती. अण्णा भाऊंच्या ‘फकिरा’त मांगवाड्यावर लादलेली हजेरी येते ती याच व्यवस्थेतली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा संपला. त्यानंतर सवयीच्या गुन्हेगारांबद्दलचे कायदे आले, मुंबई राज्यात १९५९मध्ये.

लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे कायदा जाऊन पस्तीस वर्षे झाल्यावर. त्यातले पोलीस मात्र जुनाच कायदा राबवताना दिसतात. कोठेही चोरी झाली की धाड याच वस्तीवर, मार, स्त्रियांची विटंबना, पैसे देऊन सुटका. या पुस्तकाचे वाचन बहुधा दारिद्र्य आणि जातिव्यवस्था या अंगाने झाले, आणि ते योग्यच. मला मात्र त्यात फौजदारी कायद्याचा एक भयंकर उलटा पाठ दिसतो. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात येत नाही, असे पुरावा कायद्याचे २५वे कलम १८७२पासून सांगत होते, कारण तो कसा मिळवला जातो हे इंग्रज कायदेकारांनाही माहीत होते. ‘उचल्या’तल्या वस्तीला हे कलम माहीत नाही, तिला एवढेच माहीत आहे की मार खाऊनही नाव सांगायचे नाही, आणि मुलांना ते लहानपणीच, मारूनच, शिकवले जाते. कायद्याने दिलेला मौनाचा हक्क अंगावर वळ उमटवून शिकावा लागतो. बचावाची ही एकमेव पद्धत जिला उपलब्ध आहे तिला पुढे त्याच पद्धतीवरून ‘निर्ढावलेली’ म्हटले जाते.

या आत्मकथनात वकील जवळपास नाहीतच. हा लेखकाचा दोष नव्हे. मोफत कायदेविषयक साहाय्याचा अनुच्छेद ३९अ राज्यघटनेत आला १९७६मध्ये, त्याची यंत्रणा उभारणारा कायदा १९८७चा, म्हणजे ‘उचल्या’च्याच वर्षीचा. ती खुर्ची वस्तीपर्यंत पोचलेलीच नव्हती. आणि जुन्या शिक्क्याचे आयुष्य किती असावे? तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातिनिहाय कामवाटपाची आणि विमुक्त जमातींकडे सवयीचे गुन्हेगार म्हणून पाहणारी कलमे सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली ती २०२४च्या ऑक्टोबरात.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ या चित्रपटाकडे आता येता येईल. २०१४ साली व्हेनिसला गाजलेला, राष्ट्रीय पुरस्काराचे सुवर्णकमळ मिळवलेला हा चित्रपट आपल्या लेखाच्या दृष्टीने वेगळा आहे, कारण यात बचावाच्या खुर्चीवर पहिल्यांदाच एक साधा, सक्षम, कंटाळलेला, माणूस म्हणून जगणारा वकील बसलेला आहे. विनय व्होरा. गुजराती, सुखवस्तू, मराठी बेताचे. तो भाषण करत नाही, टेबलावर मूठ आपटत नाही. तो तारखेला येतो.

आरोप असा: लोकशाहीर नारायण कांबळे यांनी वस्तीत गायलेले गीत ऐकून वासुदेव पवार या सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये आत्महत्या केली. कलम ३०६, आत्महत्येस प्रवृत्त करणे, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. प्रवृत्त करणे म्हणजे काय हे १०७व्या कलमात होते: चिथावणी, कट किंवा हेतुपुरस्सर साहाय्य. कोणी काही बोलले आणि नंतर कोणी मेले, एवढ्याने चिथावणी सिद्ध होत नाही. बोलणाऱ्याचा हेतू आणि कृतीशी थेट संबंध लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. चित्रपटातली सरकारी वकील नूतन हे जाणत नाही असे नाही. तिच्यापुढे फाईल आली आहे आणि ती फाईल वाचून दाखवते आहे, संध्याकाळी घरी स्वयंपाकही करायचा आहे. गीतांजली कुलकर्णींनी ही नूतन अशी केली आहे की तिचा राग येत नाही, आणि तेच अस्वस्थ करते.

व्होराचा बचाव पाहण्यासारखा आहे. पोलिसांचा पंच इतर अनेक खटल्यांतही साक्षीदार आहे, हे तो दाखवतो. आत्महत्या झाल्याचा तरी पुरावा काय, हा साधा प्रश्न तो विचारतो. मग पवारची विधवा पिंजऱ्यात येते. नवरा गटारात उतरण्याआधी दारू पीत असे, कारण वास सहन होत नसे. सुरक्षेचे साधन नसायचे. आत हवा आहे का हे पाहायला तो आधी खडा टाकून झुरळे बाहेर येतात का ते बघायचा. विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता. ती हे सपाट आवाजात सांगते, न्यायाधीश ते तितक्याच सपाट आवाजात टंकलेखकाला इंग्रजीत सांगतात. टिळकांच्या कोर्टातला अनुवाद अजून चालूच आहे, फक्त आता त्यावर कोणी उलटतपासणी घेत नाही.

या साक्षीने मृत्यूचे कारण समोर आले. म्हणजे आरोपी बदलायला हवा. माणसाला साधनांशिवाय गटारात उतरवणारा जो कोणी असेल त्याच्यावर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा, ३०४अचा, आरोप ठेवता आला असता. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धचा कायदा २०१३चा. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते मार्च २०१४मध्ये, चित्रपट आला त्याच वर्षी. पण ज्या खटल्यात ती बोलते आहे तो खटला त्या माणसाचा नाहीच. दोषारोप ही निवड असते. कोणाला पिंजऱ्यात उभे करायचे याची, आणि म्हणून कोणाचा पुकारासुद्धा करायचा नाही याची. बेणारेच्या खटल्यातले दामले आणि ‘कोर्ट’मधला तो अदृश्य कंत्राटदार हे एकाच जातीचे गैरहजर आहेत. फरक इतकाच की तेंडुलकरांनी दामल्यांना नाव दिले.

कांबळेंना एक लाखाचा जामीन मिळतो. बचाव यशस्वी, असे म्हणावे तोवर त्यांना छापखान्यातून पुन्हा अटक होते, आता बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली. न्यायालयाची सुट्टी लागते, दालनातले दिवे एकेक करून मालवले जातात. तेथेच चित्रपट थांबायला हवा होता. त्यानंतरचा सहलीचा भाग, झोपलेले न्यायाधीश, त्यांनी मुलाला मारलेली थप्पड, हे सगळे मला बोट दाखवून सांगितल्यासारखे वाटते. दोन तास ज्या संयमाने कॅमेरा एका जागी उभा राहिला तो येथे सुटला. चित्रपटाचे अनेक चाहते या शेवटावरच खूष असतात, हेही खरे.

दोषसिद्धी या चित्रपटात होतच नाही, आणि परिणाम मात्र सगळे होतात. कायद्याच्या पुस्तकात दोषसिद्धीचे परिणाम शिक्षेपुरते नसतात. सरकारी नोकराला चौकशीशिवाय काढता येते, अनुच्छेद ३११च्या परंतुकाने. दोन वर्षांची शिक्षा झाली की लोकप्रतिनिधीचे सदस्यत्व जाते, आणि २०१३च्या निकालानंतर ते लगेच जाते. हे सगळे दोषसिद्धीनंतरचे. १९७३च्या संहितेने तर दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत आरोपीचे वेगळे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक केले. काशीकरांना १९६७मध्ये तसे बंधन नव्हते. पण साध्या माणसाचे परिणाम पहिल्या दिवसापासून सुरू झालेले असतात. वर्तमानपत्रात ‘आरोपी’ आणि ‘गुन्हेगार’ हे शब्द एकाच बातमीत एकमेकांच्या जागी येतात. पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीच्या अर्जात दोषसिद्धीबरोबर नुसत्या दाखल गुन्ह्याबद्दलही विचारतात. निर्दोष सुटलेल्यालाही मागचा खटला नोकरीच्या अर्जात लपवला म्हणून काढता येते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत पुनःपुन्हा गेला आणि २०१६मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने त्याची सविस्तर तत्त्वे घालून दिली, ती तशी गरज होती म्हणूनच. सुटका झालेल्या माणसाचे पुढे काय होते, यावरची कादंबरी मी शोधतो आहे. तुरुंगातून आलेल्यावरच्या पुष्कळ आहेत.

१ जुलै २०२४पासून दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाची शिक्षा आता १०३व्या कलमात आहे, आत्महत्येस प्रवृत्त करणे १०८व्यात. नव्या संहितेतले ३०२वे कलम शब्दांनी धार्मिक भावना दुखावण्याचे आहे. पुढच्या पिढीतला एखादा वाचक ‘शांतता!’ हातात घेईल तेव्हा बेणारेवर नेमका कसला आरोप होता, या प्रश्नाशी तो अडखळेल, आणि निदान तेवढ्यासाठी तरी त्याला आरोप वाचावा लागेल.

‘कोर्ट’मधल्या एका प्रसंगाकडे मी पुन्हा पुन्हा परत जातो. साक्ष झाल्यावर व्होरा पवारच्या विधवेला आपल्या गाडीतून सोडतो. रस्त्याला लागल्यावर ती त्याला खटल्याबद्दल काही विचारत नाही, कांबळे सुटतील का हेही नाही. कुठे काही काम मिळेल का, एवढेच विचारते.